आधी ओरडायचं

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी बाई सांगायच्या, आवाज मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. आज मागच्या बाकावर तेव्हाचेच लोक बसलेत, म्हणजे तिथे ऐकणार कोणी नाही. तरी प्रयत्न करते.

तीन वर्षांपूर्वी आपण वर्गणी काढून शाळेच्या जुन्या सामानाच्या खोलीत मेकरस्पेस सुरू केलं. मुलं त्याला ‘कारखाना’ म्हणतात. खर्चाचा हिशेब याच अंकात आहे. मी सांगणार आहे ती तिथल्या नियमांची गोष्ट, आणि त्यात माझी झालेली चूक.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑफिसात नियमावल्या लिहिणं हे रोजचं काम. एका रविवारी पुण्यात घरी बसून मी बावीस नियम टाइप केले, लॅमिनेट करून इथे भिंतीवर लावले. ‘परवानगीशिवाय हात लावू नये.’ ‘वस्तू मोडल्यास भरपाई द्यावी लागेल.’ दोन महिन्यांनी येऊन पाहिलं तर सगळं जागच्या जागी. ड्रिलच्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. मला वाटलं, काय शिस्त आहे!

त्याच दिवशी आठवीतली एक मुलगी उजवा हात ओढणीत गुंडाळून बसलेली दिसली. तलासरीकडच्या पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहणारी. हात बघितला तर दोन बोटांवर फोड. चार दिवसांपूर्वी सोल्डरिंग आयर्नचा चटका बसला होता. हातातून आयर्न पडला, त्याचं टोक वाकलं. ते टोक तिनं दप्तरात लपवलं होतं. मला म्हणाली, “ताई, भरून द्यावं लागेल ना?”

ते टोक शंभर रुपयांच्या आत येतं. पण माझा नियम वाचून त्या मुलीनं भाजल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही, कारण मागितलं असतं तर कळलं असतं.

मी तो कागद काढला. पुढच्या शनिवारी सगळे जमिनीवर गोल करून बसलो. “नियम सांगा” असं विचारलं असतं तर मुलांनी माझेच बावीस म्हणून दाखवले असते. म्हणून विचारलं, “इथे कशाची भीती वाटते?” मग मुलं बोलायला लागली, आणि चार शनिवारांत सात नियम झाले.

पहिला: लागलं, भाजलं की आधी ओरडायचं. भाजलेला हात लगेच वीस मिनिटं नळाखाली; चौकशी नंतर. दुसरा: मोडलं तर सांगायचं. पैसे नाहीत, पण दुरुस्तीला मोडणाऱ्यानंच बसायचं. तिसरा: लाइट गेली की आधी बटण बंद, नाहीतर लाइट आल्यावर ड्रिल आपोआप फिरतं. हे माझ्या बावीसात नव्हतं.

चौथा ऐकून मी गप्प झाले. जमीन हलली की हातातलं खाली ठेवायचं, दाराजवळच्यानं मेन स्विच पाडायचा आणि सगळ्यांनी मैदानात जायचं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी भागात धक्के सुरू झाले, तेव्हा थंडीत घराबाहेर झोपलेली ही मुलं. पुण्यात बसून हे मला सुचलंच नसतं.

पाचवा मुलींनी मांडला: मुलांनी जोडायचं आणि मुलींनी रंगवायचं, असं चालणार नाही, हत्यार आळीपाळीनं. सहावा, केस आणि ओढणी बांधून, चष्मा लावूनच ड्रिल. सातवा, आपण शिकलेलं दुसऱ्या एकाला शिकवल्याशिवाय पुढचं यंत्र मिळणार नाही.

यात नवीन काही नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. जगभरच्या फॅब लॅबची जी सनद आहे, तीही वापरणाऱ्यावर तीनच जबाबदाऱ्या टाकते: माणसाला आणि यंत्राला इजा करू नका, आवराआवर आणि देखभाल करा, शिकलेलं दुसऱ्याला द्या. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल वेळापत्रकात बसत नाही म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि नियम लिहायला बसल्यावर मी तेच विसरले.

आता मुद्द्याचं. दुपारच्या सभेत एक ठराव आहे. दोन मल्टीमीटर हरवले, म्हणून खोली फक्त शनिवारी उघडायची आणि चावी समितीकडे ठेवायची. ठराव मांडणारे माझे मित्र आहेत, त्यांची काळजी खरी आहे. पैसे आपल्या सगळ्यांचे आहेत. पण वसतिगृहातली बरीच मुलं शनिवारी घरी जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी खोली काढली, त्यांनाच ती बंद होईल. माझं मत असं की चावी नववीच्या दोन मुलांकडे असावी, एक मुलगा, एक मुलगी, दर महिन्याला बदलून. सोबत देण्याघेण्याची वही. मल्टीमीटरचं काय करायचं, हेही मुलांनाच विचारू.

आणि आपल्यातले जे चिंचणी, डहाणूला दागिन्यांच्या डाय बनवतात, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ यावं. कानस कशी धरायची हे मला शिकवता येत नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. सोल्डरिंग सगळ्यांना तीच शिकवते. सुरुवात पहिल्या नियमानं करते आणि प्रत्येकाला एकदा मोठ्यानं ओरडायला लावते. शेजारच्या वर्गाची तक्रार आली आहे. ती मला मान्य आहे.