लढा दाण्यागोट्यावर चालतो
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस बाजारात न नेण्याचा ठराव आज आपल्यापुढे आहे. हात वर करण्याआधी एका सिनेमाची गोष्ट ऐका. नाव ‘जर्मिनल’. एमिल झोलाच्या १८८५ च्या कादंबरीवर क्लोद बेरी यांनी तो १९९३ साली फ्रान्समध्ये काढला.

गोष्ट उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणकामगारांची, १८६० च्या दशकातली. खाण कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू लावायचे कामही तेच करत. कादंबरीतले आकडे सांगतो. कोळशाच्या भरल्या गाडीमागे मजुरी ५० सांतीम. शंभर सांतीमचा एक फ्रँक. मंदी येते. कंपनी म्हणते, टेकूचे पैसे वेगळे देऊ, गाडीचा भाव मात्र ४०. कामगार हिशेब मांडतात. गाडीमागे गेले १०, टेकूचे परत येणार फार तर ८. उरलेले २ कंपनीच्या खिशात! भाव पाडला, पण पाडला असे म्हटले नाही. प्रतवारीची कटती सोसणाऱ्या कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको.

संप होतो. मागणी रास्त. पण गाठीला किती? कामगार १० हजार आणि निधी ३ हजार फ्रँक. माणशी ३० सांतीम. एका गाडीच्या भावाइतकेही नाहीत! कंपनीला हे ठाऊक असते. तिचा कोळसा पडूनच असतो. निधी वाढण्याआधी संप झालेला तिला हवाच असतो. दिवस कंपनीच्या सोयीचा निघाला.

पुढे दुकानदार उधारी बंद करतो. बेल्जियमहून मजूर येतात. सैनिक गोळ्या घालतात, त्यात माहे नावाचा घरचा कर्ता पडतो. त्याची बायको शेवटी पोरांच्या पोटासाठी त्याच कंपनीच्या खाणीत उतरते.

संप चूक होता असे मी म्हणत नाही. कणगी न बघता तो सुरू झाला, एवढेच म्हणतो. आपल्याकडे वेचणीची मजुरी, सोसायटीचा हप्ता, दुकानाची उधारी एकदमच दारात उभी राहते. व्यापारी त्याच दिवसाची वाट बघतो.

म्हणून ठराव आधी गावोगाव न्या. प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत. होळीपर्यंत पुरेल एवढी ज्वारी किती घरांत आहे? किती क्विंटल कापूस कोरडा ठेवता येईल? आणि ज्यांना थांबणे शक्यच नाही अशी घरे किती? कणगीचा आकडा मायबहिणींना विचारा, खरा तोच. थांबू न शकणाऱ्या घरांना दाणे कोण देणार हे ठरले, की तारीख आपण जाहीर करू.