माहीमच्या देवळाची किल्ली



बुधवारीं माहीमहून वांद्र्याकडे जाणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट ठाऊक असते. खाडी ओलांडण्यापूर्वीं, सेंट मायकेलच्या देवळापाशीं, वाहनांची गति मंदावते. फुलें, मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, घरें विकणारे रस्त्याच्या कडेला बसलेले असतात, आणि आंत जाणाऱ्या रांगेंत ख्रिस्ती मंडळींबरोबर इतर धर्मांचे लोकही असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. ज्याला जागा मिळत नाहीं तो मेणाचें घर वाहतो. मुंबईंत ह्या दुसऱ्या वस्तूचा खप अधिक असल्यास नवल नाहीं.

ही गर्दी पाहून कोणास वाटेल कीं, हें देऊळ पहिल्यापासून असेंच सर्वांना मोकळें असावें. तसें नाहीं. एके काळीं ह्याच देवळाचें दार आंतून बंद होतें. आंत एक बिशप होते, आणि बाहेर त्यांचेच धर्मबांधव वेढा घालून बसले होते. ती हकीकत आज सांगावयाची आहे. परंतु त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

परंपरा ह्या देवळाच्या स्थापनेचें साल १५३४ असें सांगते, आणि श्रेय फ्रान्सिस्कन पंथाचे फादर आंतोनियो दो पोर्तो ह्यांना देते. आतां, गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें वसई आणि मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांस ज्या तहानें दिलीं, तो तह १५३४ च्या डिसेंबरच्या २३ तारखेचा. वर्षाच्या उरलेल्या आठ दिवसांत माहीमला देऊळ उभें राहिलें असेल असें मला वाटत नाहीं. पण जुन्या देवळांची जन्मपत्रिका फार काटेकोरपणें तपासूं नये. मुंबई बेटांतील अगदीं जुन्या देवळांपैकीं हें एक, एवढें निश्चित.

देऊळ म्हणजे चार भिंती. धर्मग्राम ही निराळी वस्तु आहे. ठरलेल्या हद्दींतील कुटुंबें, त्यांच्यासाठीं नेमलेला धर्मगुरु, आणि बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या नोंदींच्या वह्या, हें सगळें मिळून धर्मग्राम होतो. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, तो धर्मगुरु नेमावयाचा कोणीं? पोर्तुगीज अमलांत ह्याचें उत्तर सोपें होतें. पोपनें पोर्तुगालच्या राजास ‘पाद्रुआदो’ नांवाचा हक्क दिला होता. राजानें देवळें बांधावीं, धर्मगुरूंचा चरितार्थ चालवावा, आणि त्याच्या मोबदल्यांत बिशपांच्या जागांसाठीं नांवें सुचवावीं, असा तो व्यवहार होता.

पुढें १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबई इंग्रजांच्या राजाकडे गेली, आणि १६६५ त तिचा प्रत्यक्ष ताबा इंग्रजांस मिळाला. रोमन कॅथलिकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहानेंच दिली होती. पण राजा प्रॉटेस्टंट, प्रजा कॅथलिक, आणि प्रजेचे धर्मगुरु गोव्याच्या आर्चबिशपच्या हुकमांतले, म्हणजे शेजारच्या प्रतिस्पर्धी सत्तेचे! इंग्रजांस हें खुपत होतें. १७२० सालीं गव्हर्नर चार्ल्स बून ह्यानें फ्रान्सिस्कनांस बेटाबाहेर काढलें आणि देवळें कार्मेलाइट पंथाच्या स्वाधीन केलीं. त्यांचा मुख्य ‘व्हिकर अपॉस्टॉलिक’. त्याची नेमणूक थेट रोमहून होत असे, त्यांत पोर्तुगालच्या राजाचा संबंध नसे. मुंबईंत अशीं मुख्य देवळें चार होतीं : माहीमचें सेंट मायकेल, दादरचें साल्व्हासांव, माझगांवचें ग्लोरिया आणि कावेलचें एस्पेरान्सा. ह्या चार देवळांवरून पुढें दोनशें वर्षें भांडण चाललें.

मध्यंतरीं माहीमच्या देवळास एक पाहुणी आली. १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतली. त्या धामधुमींत वांद्र्याच्या टेकडीवरील मातेचें देऊळ नष्ट झालें, आणि तेथील मूर्ति खाडीपलीकडे माहीमला आश्रयास आली. त्या वेळीं खाडीवर रस्ता नव्हता. तो लेडी जमशेटजी ह्यांच्या देणगींतून १८४५ त झाला. मूर्ति १७६१ पर्यंत माहीमला राहिली, आणि मग वांद्र्यास नव्या देवळांत परत गेली. सप्टेंबरांतील जत्रेस जाणाऱ्या फार थोड्यांना हा बावीस वर्षांचा मुक्काम माहीत असेल.

इकडे हक्काचा लंबक हलतच होता. १७८९ त अधिकार गोव्याकडे गेला. १७९१ त पुन्हां कार्मेलाइटांकडे आला. शेवटीं १७९४ त सरकारनें दोन भावांत वाडा वांटावा तशीं चार देवळें दोघांत दोन-दोन वांटून दिलीं. मग १८३८ सालीं पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं पाद्रुआदोचा हिंदुस्थानांतील अधिकार पुष्कळसा काढून घेतला. पण गोव्याच्या पक्षानें तें मानलें नाहीं.

१८५३ त मुंबईचा कारभार बिशप अनास्तासियस हार्टमन ह्यांच्याकडे होता. हे जन्मानें स्विस, कापुचिन पंथाचे, पूर्वीं पाटण्यास असलेले. ‘एग्झामिनर’ हें आजही निघणारें साप्ताहिक १८५० त त्यांनींच सुरू केलें. माहीमच्या लोकांनीं ठरविलें कीं, आपण गोव्याच्या अधिकाराखालीं जावयाचें. बिशपसाहेबांनीं ठरविलें कीं, देऊळ द्यावयाचें नाहीं; आणि ते स्वतः देवळांत जाऊन राहिले. मरण आलें तरी हटणार नाहीं, असा त्यांचा बाणा होता. बाहेर लोकांनीं वेढा दिला. आंत अन्नपाणी जाऊं नये अशीही खटपट झाली. पंधरवडाभर हा प्रकार चालला. अखेर सरकारी अधिकारी आले, दरवाजे उघडले गेले, आणि देऊळ बाहेरच्या पक्षाच्या हातीं गेलें.

कोणाचें बरोबर होतें? रोमचा हुकूम प्रमाण मानला तर बिशपांचें. पण माझें मन बाहेर बसलेल्या माणसांकडेही ओढलें जातें. ज्या अंगणांत आपले आजे-पणजे पुरले आहेत, त्या देवळाचा धर्मगुरु कोण असावा हें आपणांस कोणी विचारूं नये, ह्याचें त्यांस वाईट वाटलें असलें तर तें समजण्यासारखें आहे. मात्र एका वृद्धाची अन्नपाण्यासाठीं अडवणूक करणें ह्याचें समर्थन होत नाहीं. वृद्ध तरी कसे म्हणावें? हार्टमन तेव्हां पन्नाशीचे होते. १८६६ त पाटण्याजवळ कुर्जी येथें त्यांचा अंत झाला.

भांडण मात्र त्यांच्यामागें उरलें. १८८६ च्या करारानें दमणला नवा बिशप आला, आणि मुंबईंतील पाद्रुआदोचीं देवळें त्याच्याकडे गेलीं. एकाच मोहल्ल्यांत एक घर एका बिशपचें आणि शेजारचें दुसऱ्याचें, अशी स्थिति चालू राहिली. १९२८ त ही दुहेरी सत्ता संपली, तीही एका गमतीदार तोडीनें : मुंबईचा आर्चबिशप एकदां पोर्तुगीज, एकदां ब्रिटिश असावा! पहिली पाळी जोआकिम लिमा ह्यांची, दुसरी टॉमस रॉबर्ट्स ह्यांची. तिसरी पाळी आलीच नाहीं. १९५० त पोर्तुगालनें हक्क सोडला, आणि त्याच वर्षीं व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

बुधवारची नोव्हेना सुरू झाली ती १९४८ त, म्हणजे हा पाळीचा करार अजून कागदावर जिवंत असतांना. तिच्यासाठीं कोणीं हुकूम काढून लोकांस बोलाविलें नव्हतें. लोक आपण होऊन आले, आणि वाढतच गेले. सध्यांची इमारत १९७३ ची आहे. तेव्हां हार्टमन ज्या दारामागें बसले होते तें दार शोधूं म्हटल्यास सांपडणार नाहीं. बुधवारीं तेथें एकामागून एक प्रार्थना चालतात, मराठींत, कोंकणींत, इंग्रजींत; आणि बाहेर मेणाचीं घरें विकणारी बाई गिऱ्हाइकास एवढेंच विचारते : एक खोलीचें देऊं, कीं मोठें?