परकी भाषा आणि मराठी मुलगा



माध्यमिक शाळेत परकी भाषा शिकावी काय, असे विचारले की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. एक गृहस्थ म्हणतात, "गुण चांगले पडतात, अवश्य घ्या." दुसरे म्हणतात, "इंग्रजीनेच मेटाकुटीला आलो, त्यात जर्मनचे लोढणे कशाला?" पहिल्यांची नजर गुणपत्रिकेवर आहे, त्यांच्याशी आज माझे भांडण नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्यांशी. त्यांची भीती खरी आहे. परंतु तिचे मूळ आपल्या शिकवण्याच्या रीतीत आहे.

आपण परकी भाषा बहुधा इंग्रजीचा हात धरून शिकवतो. जर्मन नामाला तीन लिंगे असतात, हे इंग्रजीतून सांगितले की मुलगा बिचकतो. पण ज्याच्या तोंडी 'तो वाडा, ती भिंत, ते घर' लहानपणापासून आहे, त्याला तीन लिंगांचे नवल ते काय? आता लिंगे जुळतीलच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मनांचा स्त्रीलिंगी. तेवढे पाठ करावेच लागते. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते; आपले तर सहसा शेवटीच असते. आणि 'चाक' शब्दातला आपला 'च' ज्याला म्हणता येतो, त्याला जर्मन 'झेड'चा 'त्स' असा उच्चार जड जाऊ नये.

जपानीचे पाहा. 'टोकियोला जातो' याला जपानी माणूस म्हणतो, 'तोक्यो नि इकु'. आधी गाव, मग 'ला'च्या जागी 'नि', शेवटी क्रियापद. इंग्रजीच्या वाटेने गेलो तर हेच वाक्य आधी उलटे करायचे आणि मग पुन्हा सुलटे. असा द्राविडी प्राणायाम मुलाकडून का करवून घ्यावा?

यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. इंग्लंडने २००४ साली चौदा वर्षांपुढील मुलांना परकी भाषा ऐच्छिक केली. त्याआधी सोळाव्या वर्षाच्या परीक्षेला सुमारे तीन-चतुर्थांश मुले एखादी परकी भाषा घेत. २०११ पर्यंत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आले. सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या शाळांत भाषा पुष्कळशा टिकल्या. गरीब वस्तीतल्या शाळांत त्या अधिक गळाल्या. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत जपानी, जर्मन, फ्रेंच इत्यादी भाषांची सोय करण्याचे म्हटले आहे. ती सोय इंग्रजी माध्यमाच्या फाटकाशीच अडली, तर मराठी शाळेतल्या मुलाने फक्त बाहेरून पाहत राहायचे काय?

म्हणून माझे मागणे साधे आहे. मराठीतून समजावणारी पुस्तके हवीत. दोन्ही भाषांचे व्याकरण शेजारी ठेवून दाखवणारे शिक्षक हवेत. दोन वर्षांत गुण मिळवून सोडून देण्यापेक्षा एकच भाषा चार-पाच वर्षे चालावी आणि तासाला मुलांनी बोलावे.

'चावी', 'पगार', 'घमेले' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आपल्या घरचे झाले. परके ते आपलेसे करण्याची ताकद मराठीत जुनीच आहे. आपल्यापैकी जे शाळांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी येत्या जूनपूर्वी एवढेच विचारावे: आपल्या शाळेत परकी भाषा सुरू झाली, तर ती कोणत्या भाषेतून शिकवली जाईल?