पावसाच्या देवावर रुसून कसं चालेल?



मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमचं धान कापून झालं होतं. कडपा बांधीत वाळत होत्या. आणि एका रात्री वादळ आलं. सकाळी सगळं पाण्यात. चार दिवसांत लोंब्यांना कोंब फुटले. गोंदिया जिल्ह्यात राहत असाल, तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून चैत्रात बाबा म्हणाले, "चल, भिवसनला जाऊन येऊ," तेव्हा माझं डोकंच फिरलं. भिवसन म्हणजे भीमाल पेन, आम्हा गोंडांचा पावसाचा देव. 'पेन' म्हणजे देव. ज्यानं धान बुडवलं, त्याच्याच पाया पडायचं?

तरी गेले. नागपूर जिल्ह्यात, पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या पाण्याकाठी कुवारा भिवसनचं ठाणं आहे. चैत्र पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. आम्ही गर्दी ओसरल्यावर गेलो. बाबांनी नारळ फोडला, डोळे मिटले. मी नुसतीच उभी.

परत येताना विचारलं, "बाबा, राग नाही आला तुम्हाला?"

"आला ना. तेच तर सांगितलं त्याला. पण रोवणीला पाणी कोण देते? तोच ना? मग बोलणं बंद करून कसं जमेल?"

घरी येऊन मोबाइलवर वाचत बसले, तर जपानचा वादळदेव सापडला, सुसानोओ. 712 सालच्या 'कोजिकी' ग्रंथात त्याची गोष्ट आहे. त्यानं आपल्याच बहिणीच्या, सूर्यदेवी अमातेरासूच्या, भातशेतीचे बांध फोडले! म्हणजे बांधी तिकडेही फुटल्या. आणि तरी क्योतोच्या यासाका मंदिरात लोक आजही त्याच्यापुढे हात जोडतात. धान पिकवणाऱ्या माणसाला वादळाशी कायमचं भांडण परवडत नाही, इकडेही आणि तिकडेही.

पण नुसते हात जोडूनही भागत नाही, हं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला की ते इशारा देतं. बाबांच्या फोनमध्ये मी ते टाकून दिलं. इशारा आला की बांधीतून बाहेर यायचं आणि झाडाखाली थांबायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

बाबा हसले. म्हणाले, "भिवसनलाही सांगून ठेवतो."

तुमच्या गावात पावसाचा देव कोणता? नक्की कळवा. जय सेवा!