दुकानाचे शटर

पूर्वी आपल्या बाजारपेठांत दुकान बंद करायचे म्हणजे लाकडी फळ्या एकेक करून खोबणीत बसवायच्या, वर आडवी लोखंडी पट्टी टाकायची आणि कुलूप लावायचे. आता वसई-विरारकडे सकाळी फेरी मारा. वालीव-सातिवलीचे गाळे असोत की नालासोपाऱ्यातले किराण्याचे दुकान असो, दिवस उजाडतो तो शटरच्या खडखडाटाने! तेव्हा हे शटर निवडावे कसे, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

शटरची कामे दोन. बाहेरच्याला आत येऊ न देणे हे पहिले. आतल्याला बाहेर पडू देणे हे दुसरे. विकत घेताना आपल्याला पहिलेच तेवढे आठवते.

आधी पहिल्या कामाचे पाहू. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. हा आकडा उलटा चालतो बरं का! आकडा लहान तितका पत्रा जाड. म्हणजे २० गेजपेक्षा १८ गेजचा पत्रा जाड. पण जाड पत्रा वजनदार, आणि ते वजन तोलते वरच्या गुंडाळीतली स्प्रिंग. रुंद गाळ्याला नुसती स्प्रिंग पुरत नाही. तिथे साखळीचा गिअर किंवा मोटर लागते. मोटर घेतलीत तर वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय आहे ना, हे पाहूनच पैसे द्या. आणि शटर जड जाऊ लागले, तर स्प्रिंग स्वतः सोडायला जाऊ नका. तिच्यात पीळ भरलेला असतो. तो निसटला तर हात मोडेल. ते काम कारागिराचे.

आपला मुलूख समुद्रकाठचा. खारा वारा लोखंड खातो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घ्यावा. जस्त आधी स्वतः झिजते आणि आतले लोखंड वाचवते. जिथे पत्रा कापला, भोक पाडले, तिथे लगेच रंग द्यावा. गंज धरतो तो बहुधा खालच्या पट्टीला आणि बाजूच्या चॅनलच्या पायथ्याशी, कारण माती आणि पाणी तिथेच साचते. पावसाळ्याआधी आणि नंतर तो भाग गोड्या पाण्याने धुवावा, वाळवावा, मग बेताचे तेल द्यावे. मात्र शटर पाणी अडवत नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारमध्ये पाणी तुंबले होते, ते आठवा. माल जमिनीपासून उंचच ठेवलेला बरा.

आता दुसरे काम. पुण्यात कोंढव्याला ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे एका बेकरीला आग लागली. आत कामगार झोपले होते आणि शटरला बाहेरून कुलूप होते. सहा जण गेले. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कपड्याच्या दुकानाला आग लागून पाच कामगार दगावले. तिथेही दाराला बाहेरून कुलूप होते. दारे मजबूत होती, चोराला ती अडलीही असती. पण अडली ती आतली माणसे.

म्हणून गाळा घेताना मागे किंवा बाजूला दुसरे दार आहे का, ते आधी पाहा. ते आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे, आणि त्याच्यापुढे खोकी रचलेली नकोत. पोटमाळ्यावर कामगाराला झोपवून बाहेरून कुलूप लावू नका. भाडे वाचते, राखणही होते, असे म्हणतात. पण हा हिशेब माणसाच्या जिवावरचा आहे. रोज शटर ओढण्यापूर्वी आत एक हाक द्यावी, "कोण आहे का?"

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातल्या कित्येक मुलांचे बाप अशा गाळ्यांत राबतात. एवढी गोष्ट मुलांना सांगा, ती घरी जाऊन विचारतील, "बाबा, तुमच्या गाळ्याला दुसरं दार आहे का?" तो प्रश्न मालकापर्यंत पोचला, तर पुष्कळ झाले.