धावण्याचे ऋण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळल्यावर एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारले, "धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर धावण्याचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. आपले मुनिमहाराज धावत नाहीत. ईर्यासमितीचे पालन करीत, पुढची चार हात जमीन न्याहाळत, दिवसाउजेडीच त्यांचा विहार होतो. धावणे हे आपल्यासारख्या गृहस्थाचे काम, हे मी आधीच मान्य करतो. परंतु या गृहस्थाला गेल्या अठरा वर्षांत धावण्याने जे दिले, त्याचे ऋण आप्तजनांसमोर बोलून दाखवावे, एवढाच माझा हेतू आहे.

कोल्हापूर ही तालमींची भूमी. जोर, बैठका आणि पहाटेची धाव यांवर येथील मल्ल घडले. मात्र तेथे धाव ही कुस्तीची सेविका. केवळ धावण्यासाठी धावलेला थोर माणूस पाहायचा तर शेजारच्या बेळगावकडे वळावे लागते. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांचे नाव. आपल्या तरुणांपैकी किती जणांनी ते ऐकले असेल, याची मला शंका आहे.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत अनवाणी धावणाऱ्या साध्या खेडुतांचा वेग पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. ही माणसे जगाच्या मैदानावर उतरली पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी खटपट केली, स्वतःच्या पदरचे पैसे घातले आणि १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी भारताचा छोटासा चमू रवाना झाला. त्यात सदाशिव दातार होते, कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदे होते आणि चौगुलेही होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या ४२.१९५ किलोमीटरहून अधिक लांब होती. चौगुले यांनी ती सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण केली. त्यांचा क्रमांक १९ वा आला. पदक नाही, म्हणून नाव मागे पडले, ही आपली नेहमीचीच रीत! मला या प्रसंगात दोन माणसे सारखीच वंदनीय वाटतात. एक धावला, दुसऱ्याने त्याला धावताना नीट पाहिले आणि पुढे हात केला. दानाची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता माझ्याविषयी थोडेसे. सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले. गादीवर बसून सुताचे हिशेब करणाऱ्या आपल्या गावात हे दुखणे घरोघरी आहे. डॉक्टरांनी चालावयास सांगितले. चालता चालता एके दिवशी विजेच्या दोन खांबांमधील अंतर पळून पाहिले. दुसऱ्या खांबाला धरून पाच मिनिटे उभा होतो! पुढे दोनाचे चार झाले, चाराचे दहा. कामाला लागलेले स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतात, हे मला नंतर कळले. औषध सुटले नाही, ते सोडण्याचा आग्रहही कोणी धरू नये. पण मात्रा कमी झाली आणि रात्रीची झोप परत आली. आपल्याकडील सूर्यास्तापूर्वीचे भोजन पहाटेच्या धावेला किती अनुकूल आहे, हेही पोट हलके असताना उमगले.

धावण्याने मला माझे गावही दाखविले. रात्रभर खडखडणारे माग, पाळीतल्या कामगारांची पहाटेच्या चहाची वेळ, कोरोचीकडून येणारे दुधाचे डबे, हे सारे मी मोटारसायकलवरून कधी पाहिलेच नव्हते. एक वहिफणीवाला रोज हाक मारतो, "मालक, आज दम लागलाय जणू!" चढावर मालकाचा आणि कामगाराचा दम सारखाच लागतो. त्या हाकेमुळे आमच्यातील बोलणे मोकळे झाले, बोनसच्या वेळीसुद्धा.

चातुर्मासात मात्र मी उजाडल्यावरच बाहेर पडतो. रस्त्यावर गांडुळे आणि गोगलगायी आलेल्या असतात. नजर जमिनीवर ठेवून, पावले तोडून धावावे लागते. कित्येकदा निव्वळ चालावे लागते. घड्याळाच्या दृष्टीने ते दिवस वाया जातात. मन मात्र त्याच दिवसांत सर्वांत स्थिर असते, असा माझा अनुभव आहे.

कृतज्ञता व्यक्त करताना एका माउलीचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. बारामतीच्या लता भगवान करे. पतीच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेली ही स्त्री नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि जिंकली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. आपण प्रकृतीसाठी धावतो, त्या गरजेपोटी धावल्या. त्यांच्या धावेचे कौतुक करताना ती वेळ त्यांच्यावर का यावी, हा प्रश्न मला अधिक टोचतो.

आणि आपल्या घरच्या भगिनी? साखरेचे दुखणे त्यांनाही आहे. पहाटेच्या रस्त्यावर मला भेटणारे जवळजवळ सारे पुरुषच असतात. अंधार, मोकाट कुत्री, लोकांच्या नजरा आणि घरातले "आता या वयात कशाला?" हे सारे ओलांडून त्यांनी यावे कसे? म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. आपल्या कार्यालयामागील मोकळ्या जागेचे फाटक पहाटे पाच ते सात उघडे ठेवावे, तेथे दोन दिवे लावावेत आणि ती वेळ केवळ महिलांसाठी राखावी. दिव्यांचा खर्च मी आनंदाने देईन. फाटक उघडण्यासाठी पहाटे उठणारे दोघे-चौघे मात्र आपल्यातूनच पुढे यावेत; त्यांनी सभेनंतर मला भेटावे.