रान म्हणजे काय?

(मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. बोललं तसं लिहून काढलं आहे. १९९७)



मोर्चाचं आणि निवेदनाचं बोलायच्या आधी आम्ही आज एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द आहे ‘रान’. तुम्ही म्हणाल, इथं जमिनीचा प्रश्न पेटलाय आन् ह्यांनी शब्दाचं काय काढलं? पण ह्याच शब्दापायी आपल्या एका आजीची जमीन अडकलीय, म्हणून काढलं.

आजी पारधी समाजाची. गावाच्या गायरानात माळाचा तुकडा. दगड वेचून, बाभळी-तरवड काढून तिनं आन् तिच्या मालकानं तो कसता केला. हुलगे, तूर, पाऊस बरा झाला तर ज्वारी. अतिक्रमण कायम करायच्या अर्जाची चौकशी निघाली. साहेबानं विचारलं, “किती वर्षांपासून?” आजी म्हणाली, “तीस वर्सं झाली, रोज रानात जातो. रानातच लेकरं वाढली.” लिहिणाऱ्यानं शुद्ध भाषेत लिहिलं: ‘अर्जदार तीस वर्षांपासून जंगलात जातात व तेथेच वावरतात.’ आजीनं अंगठा दिला. पुढं कागद फिरला आन् त्यावर शेरा आला, जमीन जंगल असल्यानं वनखात्याचं मत घ्यावं. ते मत अजून यायचंय.

आजी खोटं बोलली नाही. लिहिणाऱ्याच्या मनातही काही वाईट असंल असं आम्ही धरत नाही. त्याच्या पुस्तकात रान म्हणजे जंगल. आपल्या तोंडी रान म्हणजे काय, ते इथल्या कुणालाही विचारा. “पाटील कुठंय?” “रानात गेलाय.” म्हणजे पाटील झाडावर चढलाय का? शेतात गेलाय. रान नांगरलं, रानाला वापसा आला, काळं रान, मुरमाड रान, माळाचं रान. बागायतदार आपल्या उसाला रानच म्हणतो. त्याचं रान म्हणजे शेत आन् पारध्याचं रान म्हणजे जंगल, हा कुठला न्याय?

धुळ्या-ठाण्याच्या डोंगरातले जे भाऊ हे बुलेटिन वाचतात, त्यांना वाटंल की आपल्या धाराशिव जिल्ह्यात जंगल आहेच कुठं. खरंय. येडशीच्या रामलिंगाजवळ, बालाघाटाच्या घाटात थोडी झाडी. बाकी सगळा उघडा माळ. पण ‘जंगल’ शब्दाचीही गंमत ऐका. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा मुलूख: पाणी कमी, झाडं विरळ, ऊन-वारा भरपूर, काळवीट हिंडतं असा. चरक-सुश्रुताच्या वैद्यकाच्या ग्रंथांत दलदलीच्या ‘आनूप’ देशाच्या उलट म्हणून हा ‘जांगल’ देश सांगितलाय. म्हणजे जुन्या अर्थानं आपला माळ हेच जंगल. पुढं हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ पडीक, झाडोऱ्याची जागा असा झाला. इंग्रजांनी शब्द उचलला आन् त्यांच्या भाषेत तो गर्द, ओल्या, अंधाऱ्या झाडीचा झाला. शब्द तोच राहिला, अर्थ उलटा झाला.

आता सरकारी कागदातले शब्द घेऊ.

आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. महसुलाची भाषा उर्दू. जी जमीन कुणाच्याच खात्यावर नाही, ती ‘खारीज खाता’. ‘दावा खारीज’ आपण आजही म्हणतो. हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ ‘बाहेरचा, बाहेर काढलेला’.

दुसरा शब्द ‘परमपोक’. आपल्याकडच्या जुन्या कागदांत सापडतो. हा तामिळ मुलखातून आला. तामिळमध्ये ‘पुरम्’ म्हणजे बाहेर. शेतसाऱ्याच्या हिशेबाबाहेर राहिलेली जमीन ती परमपोक.

तिसरा शब्द ‘फारेस्ट’. आपण त्याला झाडांचा शब्द समजतो. तो मूळ लॅटिनमधल्या ‘फोरिस’ शब्दापासून आला, असं बहुतेक जाणकार मानतात. फोरिस म्हणजे दाराबाहेर. युरोपातल्या राजांनी शिकारीसाठी राखलेली, सगळ्यांच्या वापराबाहेर काढलेली जागा, ती फारेस्ट. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मन राजांनी असे मोठाले मुलूख राखले. त्यांत झाडी होती तशी उघडी माळरानंही होती, शेतं होती, गावंही होती. झाड असो नसो, राजानं म्हटलं की फारेस्ट. तिथल्या लोकांना सरपण, चराई, डुकरं चारायचे हक्क परत मिळवायला भांडावं लागलं. १२१७ साली त्यांना वनांची सनद मिळाली. आपल्या देशात इंग्रजांनी १८६५, १८७८ आन् १९२७ साली वनकायदे केले, ते राजाचा मूळ अर्थ धरून. पण ती सनद काही त्यांनी सोबत आणली नाही.

बघा, अरबी, तामिळ, लॅटिन. तिन्ही शब्दांच्या पोटात एकच गोष्ट: बाहेर. जमीन हिशेबाबाहेर, आन् तिच्यावर जगणारा माणूस गावकुसाबाहेर.

आता आपला शब्द. ‘रान’ आला संस्कृत ‘अरण्य’पासून, प्राकृतातल्या ‘रण्ण’मधून. आन् अरण्य कुठून आला? जुन्या वेदांच्या भाषेत ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा. त्यातून अरण्य, असं भाषेचे जाणकार सांगतात. म्हणजे आपलाही शब्द मुळात ‘बाहेर’च होता. ते आम्ही लपवत नाही.

पण पुढं काय झालं? लोक त्या परक्या जागेत गेले. दगड वेचले, बांध घातले, कुळव मारला, पेरलं, राखण केली. शब्द तोच राहिला आन् अर्थ बदलला. जे दूरचं, परकं होतं ते रोज सकाळी भाकरी बांधून जायचं ठिकाण झालं. हा अर्थ कुठल्या राजानं हुकूम काढून बदलला नाही. कष्टानं बदलला. आपल्याकडंच असं झालं असंही नाही. तामिळमध्ये ‘काडु’ म्हणजे जंगल, आन् तिथल्या पश्चिमेकडचा शेतकरी आपल्या कोरडवाहू शेतालाही काडुच म्हणतो. जिथं जिथं माणसानं माळ फोडून शेत केलं, तिथं भाषेनं त्याची साक्ष ठेवली.

हे सगळं आज का सांगायचं? १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला, की १९८० च्या वनसंरक्षण कायद्यात ‘वन’ म्हणजे शब्दकोशात त्याचा जो अर्थ आहे तो. मालकी कुणाचीही असो. शिवाय सरकारी दप्तरात जी जागा वन म्हणून लिहिलेली आहे, तीही वनच. लाकूडचोरांना आळा बसायला हा हुकूम झाला, ते चांगलंच. पण त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. वन ठरलेली जागा शेतीला द्यायची तर थेट दिल्लीची परवानगी लागते. म्हणजे आजीच्या जबाबातलं ते ‘जंगल’ आता नुसती लिहिणाऱ्याची चूक राहत नाही. ती दप्तरात गेली तर दिल्लीपर्यंतचं कुलूप लागतं.

म्हणून आम्ही ठरवलंय ते सांगतो. घरी जाऊन सगळ्यांना सांगा.

एक. चौकशीत बोलताना ‘रान’ म्हणायचं तर म्हणा, पण पुढं लगेच ‘शेत’ म्हणा. काय पेरता, किती काढता, बांध कधी घातला, विहीर कुठंय, ते सांगा.

दोन. जबाब वाचून घेतल्याबिगर अंगठा द्यायचा नाही. ‘जंगल’ दिसलं तर खोडून ‘शेत’ लिहायला लावा. साहेब चिडला तर चिडू द्या. सोबत शाळा शिकलेलं पोरगं न्या.

तीन. सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय १४ एप्रिल १९९० च्या आधीपासूनच्या कसण्याबद्दल आहे. त्या तारखेच्या आधीच्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, गाव नमुना १-ई मधली नोंद, जे असंल ते जपा. उंदरानं खाल्लेली पावतीसुद्धा टाकू नका.

चार. तलाठ्याकडून जमिनीच्या नोंदीची नक्कल काढा. त्यात गायरान लिहिलंय, परमपोक लिहिलंय की वन, ते बघा. ते बघितल्याबिगर अर्ज करू नका.

आजीसाठी आम्ही दुसरा जबाब दिलाय. ह्या वेळी आजीनं तो दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, “ह्यात माझं रान हाय का?” आम्ही म्हणालो, “आजी, ह्यात शेत लिहिलंय.” आजी म्हणाली, “मग तेच की.”

हे ‘तेच की’ कागदावर आणायचं, एवढ्यासाठी हा लढा आहे.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!